कोणाचे जनावर आणि कोणाची राखण

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले, तेव्हा आपल्याकडील अनेकांनी त्या देशाचे नाव प्रथमच लक्ष देऊन ऐकले. चित्त्यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र दुसऱ्याला देता येतील इतके चित्ते ज्या देशात शिल्लक आहेत, तेथे ते शिल्लक राहिले कसे, याकडे फारसे कोणी वळले नाही. नामिबियातील बहुसंख्य चित्ते राष्ट्रीय उद्यानांच्या कुंपणाआड राहत नाहीत, तर शेतकऱ्यांच्या आणि गुरे पाळणाऱ्यांच्या जमिनींवर वावरतात. तेथील वन्यजीवांचे भवितव्य ठरवताना वनाधिकाऱ्याइतकाच, किंबहुना त्याच्याहून अधिक, अधिकार त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या हाती असतो. ही गोष्ट फार लवकर ओळखून आयुष्यभर तिच्याच आधारे काम करणाऱ्या गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन या दोघांना 2015 मध्ये आफ्रिकेतील निसर्गसंवर्धनासाठीचा प्रिन्स विल्यम पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार नेमका कोणत्या कामासाठी होता, हे समजून घेण्यासाठी चाळीस-पन्नास वर्षे मागे जावे लागते.

आधी पुरस्काराविषयी थोडे. टस्क ही ब्रिटनमधील संस्था 1990 पासून आफ्रिकेतील वन्यजीव संवर्धनाच्या प्रकल्पांना साहाय्य करते आणि 2005 पासून प्रिन्स विल्यम तिचे आश्रयदाते आहेत. 2013 मध्ये संस्थेने वार्षिक पुरस्कार सुरू केले. त्यांतील एक पुढे येत असलेल्या कार्यकर्त्यासाठी आहे, एक प्रत्यक्ष गस्त घालणाऱ्या वनरक्षकासाठी आहे आणि प्रिन्स विल्यम यांच्या नावाचा पुरस्कार जन्मभराच्या कामासाठी आहे. पहिल्या वर्षी हा मान झिम्बाब्वेच्या क्लाइव्ह स्टॉकिल यांना मिळाला. पुढच्या काळातील मानकऱ्यांत चाडमधील झाकूमा उद्यानातील हत्तींचा संहार थांबवणारे रियान लाबुशाने आहेत, तसेच साओ तोमे बेटाच्या किनाऱ्यावर सागरी कासवांची राखण करणारे इपोलितो लिमाही आहेत. जन्मभराच्या कामासाठी वेगळा पुरस्कार ठेवण्यामागे केवळ ज्येष्ठांचा आदर एवढेच कारण नसावे. गेंड्याची मादी सुमारे सव्वा वर्ष गाभण राहते आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिला पुढचे पिल्लू होते, हत्तिणीच्या बाबतीत तर गर्भारपणच जवळजवळ बावीस महिन्यांचे असते. अशा प्राण्यांची संख्या सावरली की नाही, हे पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या अहवालावरून कळू शकत नाही. त्यातून, माणसांचा एकमेकांवर विश्वास बसायला लागणारा काळ याहून कमी नसतो.

नामिबियाच्या वायव्य कोपऱ्यातील काओकोवेल्ड हा प्रदेश आज कुनेने या प्रशासकीय विभागात मोडतो. पश्चिमेला अटलांटिकच्या काठाने नामिबचे वाळवंट आहे आणि पूर्वेकडे खडकाळ डोंगर व विरळ गवताळ पठारे आहेत. समुद्राकडच्या पट्ट्यात वर्षाकाठी शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. होआनिब, होआरुसिब, उनिआब या तेथील नद्या वर्षातून जेमतेम काही दिवस वाहतात. उरलेला काळ त्यांची पात्रे म्हणजे वाळूचे लांबच लांब पट्टे असतात, आणि त्या वाळूत हत्ती सोंडेने व पायाने खड्डे करून खालचे पाणी वर काढतात. हत्ती पुढे निघून गेले की त्याच झऱ्यांवर इतर जनावरे येतात. याच मुलखात काळा गेंडा कुंपणाशिवाय मोकळा फिरतो, आणि येथेच हिंबा, हेरेरो, डामारा या समाजांची माणसे गाई-शेळ्या घेऊन राहतात. गाय हे हिंबांचे धन तर आहेच, शिवाय पूर्वजांशी असलेले नातेही त्या गुरांतूनच चालते.

1970 च्या सुमारास नामिबिया स्वतंत्र नव्हता. दक्षिण आफ्रिकेचे वर्णभेदी सरकार त्याच्यावर राज्य करीत होते आणि त्याने कृष्णवर्णीय समाजांसाठी वेगवेगळे प्रदेश आखून दिले होते. या आखणीत 1970 मध्ये एटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेकडील मोठा भाग उद्यानातून वगळण्यात आला. परिणामी तेथील हत्ती-गेंड्यांना असलेले उद्यानाचे कायदेशीर संरक्षण एका फटक्यात गेले. दक्षिण आफ्रिकेत वाढलेले ओवेन-स्मिथ 1968 च्या सुमारास कृषी विभागाचे कर्मचारी म्हणून काओकोवेल्डमध्ये आले होते. त्यांची 1970 मध्येच तेथून बदली झाली, पण त्या दोन वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. ही माणसे वन्य प्राण्यांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती, आणि सरकारने मात्र ते प्राणी सरकारी मालमत्ता ठरवून, आजवर चालत आलेली शिकार हा गुन्हा ठरवून टाकला होता.

ही कायद्याची बाजू नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उमगत नाही. 1975 च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशाने खासगी मालकीच्या शेतांवरील जमीनमालकांना, म्हणजे प्रत्यक्षात गोऱ्या शेतकऱ्यांना, आपल्या हद्दीतील हरणांसारख्या प्राण्यांवर बऱ्याच अंशी हक्क दिला. ते प्राणी विकता येऊ लागले, त्यांची शिकार ठरावीक प्रमाणात करता येऊ लागली, पर्यटकांना ते दाखवून पैसे मिळवता येऊ लागले. त्याबरोबर ज्या शेतकऱ्याला हरीण म्हणजे गाईच्या वाट्याचे गवत खाणारे जनावर वाटत होते, त्यालाच ते आपल्या शेतावर हवेसे वाटू लागले आणि खासगी शेतांवरील वन्य प्राण्यांची संख्या वाढत गेली. काओकोवेल्डसारख्या सामुदायिक जमिनींवरील कृष्णवर्णीय पशुपालकांना हा हक्क नव्हता. सिंहाने गाय मारली तर नुकसान त्यांचे, आणि सिंह मात्र सरकारचा. वाढ आणि ऱ्हास यांचे कारण प्राण्यांत किंवा माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी कायद्यात शोधावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

1980 च्या आसपास या प्रदेशात तीन संकटे एकत्र आली. भीषण दुष्काळात हिंबांची बहुतांश गुरे मेली. स्वातंत्र्ययुद्धामुळे बंदुकांची रेलचेल झाली होती, त्यातल्या अनेक खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या लष्करानेच स्थानिकांना वाटलेल्या होत्या. हस्तिदंताला आणि गेंड्याच्या शिंगाला बाहेर मोठा भाव होता. भुकेला माणूस, हातात बंदूक आणि दारात गिऱ्हाईक. शिवाय शिकार काही फक्त स्थानिकांनीच केली असे नाही, लष्करातील आणि प्रशासनातील गोऱ्यांचाही त्यात हात होता. गेंडा आणि हत्ती दोघेही काओकोवेल्डमधून संपणार, अशी चिन्हे दिसू लागली.

1982 मध्ये एका स्वयंसेवी संस्थेच्या वतीने ओवेन-स्मिथ पुन्हा या भागात आले. त्यांच्या तळाचे नाव वेरेल्ड्सएंड होते, आफ्रिकान्स भाषेत त्याचा अर्थ जगाचा शेवट. त्या वेळची रूढ रीत अशी की, गस्त वाढवायची, शिकाऱ्यांना पकडायचे आणि तुरुंगात टाकायचे. ओवेन-स्मिथ यांनी सरकारी निसर्गसंवर्धन अधिकारी ख्रिस आयर यांच्यासह वेगळी वाट धरली. ते वस्त्यांच्या प्रमुखांकडे गेले आणि त्यांच्याशी बोलत बसले. हे प्रमुख म्हणजे साधारण आपल्याकडील जुन्या काळच्या पाटलासारखे, ज्यांचा शब्द वस्तीत चालतो असे. गेंडे संपावेत असे प्रमुखांनाही वाटत नव्हते. आपल्या नातवंडांना हे प्राणी फक्त ऐकूनच माहीत असावेत, हे त्यांना मान्य नव्हते. मग राखण कोणी करायची, याचे उत्तरही तेथेच निघाले. जोशुआ कांगोंबे यांच्यासारख्या प्रमुखांनी आपल्याच माणसांतून राखणदार निवडले.

या राखणदारांविषयी थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती आणि कोणाला अटक करण्याचा अधिकारही नव्हता. त्यांनी आपल्या शेळ्यागुरांबरोबर फिरावे, माग पाहावेत, मेलेले जनावर दिसले किंवा अनोळखी माणसाचे ठसे आढळले तर कळवावे, एवढेच त्यांचे काम होते. मोबदला म्हणून मक्याचे पीठ, साखर असा महिन्याचा शिधा आणि थोडी रोख रक्कम मिळे. दुष्काळात गुरे गमावलेल्या घराला हा शिधा काय मोलाचा होता, ते सांगायला नको. त्यांच्यापैकी काहींनी पूर्वी स्वतः शिकार केलेली होती, आणि म्हणूनच शिकारी कोणत्या वाटेने येतो, कोठे थांबतो आणि मांस कोठे वाळवतो, हे त्यांना ठाऊक होते. राखणदाराची नेमणूक सरकारने केलेली नव्हती, तर वस्तीच्या प्रमुखाने केली होती, आणि चुकला तर त्याला जाब तेथेच द्यावा लागे. सरकारी चौकीदाराला चुकवणे सोपे असते, पण आपल्याच आजोबांनी, काकांनी बसवलेल्या माणसाला चुकवून रात्री बाहेर पडणे तितके सोपे नसते. काही वर्षांतच या भागातील चोरटी शिकार लक्षणीय प्रमाणात उतरली.

मार्गारेट जेकबसन मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी आल्या. होआरुसिब नदीकाठच्या पुरोस या वस्तीत त्या 1980 च्या दशकात हिंबांमध्ये राहिल्या. राखण उभी राहिली होती, पण राखण करणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते, हा प्रश्न उरलाच होता. त्या ओसाड सौंदर्याच्या ओढीने आता पर्यटक येऊ लागले होते. ते हत्ती पाहत, हिंबांची छायाचित्रे काढत आणि निघून जात. 1987 मध्ये पुरोसला असे ठरले की, येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाने वस्तीला ठरावीक शुल्क द्यावे. ही मदत नव्हती आणि बक्षिसीही नव्हती, प्राणी सांभाळल्याबद्दलचा तो मोबदला होता. रक्कम फारशी नव्हती, पण ती वाटायची कशी, कोणाच्या घराला किती, बायकांच्या हाती किती, यावर वस्तीत दीर्घ चर्चा झाल्या. मला या कथेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गेंडा वाचवण्याच्या कथा सांगताना कॅमेरा गेंड्यावर असतो, आणि झाडाखाली बसून पैशांच्या वाटपावर तासन्‌तास वाद घालणारी माणसे चित्रात येत नाहीत.

पुढे या दोघांनी मिळून ग्रामीण विकास आणि निसर्गसंवर्धन यांची सांगड घालणारी एक संस्था उभी केली. 1993 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा

21 मार्च 1990 रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. परिसंस्थांचे आणि जैवविविधतेचे रक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून नव्या राज्यघटनेच्या 95 व्या कलमात आले. त्यानंतर सरकारी पथकांनी खेडोपाडी फिरून लोकांना विचारले की, वन्य प्राण्यांबरोबर राहण्यात तुमच्या अडचणी कोणत्या आणि तुम्हाला काय हवे आहे. या विचारपुशीत ओवेन-स्मिथ, जेकबसन आणि त्यांचे सहकारी सामील होते. 1996 मध्ये निसर्गसंवर्धनाच्या अध्यादेशात दुरुस्ती झाली आणि 1975 मध्ये गोऱ्या शेतकऱ्यांना मिळालेला हक्क सामुदायिक जमिनीवरील लोकांनाही मिळण्याचा मार्ग खुला झाला. मात्र हा हक्क एकेकट्या माणसाला मिळत नाही, तो ‘कॉन्झर्व्हन्सी’ला मिळतो.

कॉन्झर्व्हन्सी म्हणजे काय, हे आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगायचे, तर एका ठरावीक हद्दीतील लोकांनी वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनासाठी स्थापन केलेली नोंदणीकृत सामाईक संस्था. ती स्थापन करायची असेल, तर हद्द शेजाऱ्यांना मान्य असावी लागते, सभासदांची नोंदवही असावी लागते, सभासदांचे प्रतिनिधित्व करणारी समिती आणि लिखित घटना असावी लागते, आणि मिळणारा लाभ न्याय्य रीतीने वाटण्याची योजना दाखवावी लागते. या अटी पूर्ण झाल्या की सरकार राजपत्रात घोषणा करते. जमीन सरकारचीच राहते, पण त्या हद्दीतील वन्यजीवांपासून मिळणाऱ्या लाभावर हक्क कॉन्झर्व्हन्सीचा होतो. पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी 1998 मध्ये नोंदल्या गेल्या, त्यांपैकी टोरा ही कुनेनेमधली. आज त्यांची संख्या 86 आहे आणि त्यांनी देशाच्या भूभागाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापलेला आहे. दोन लाखांहून अधिक माणसे त्यांत राहतात.

उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे पर्यटन, ज्यात खासगी कंपनी कॉन्झर्व्हन्सीच्या हद्दीत निवास बांधते आणि मोबदल्यात उत्पन्नाचा ठरावीक वाटा व स्थानिकांना नोकऱ्या देते. दुसरा मार्ग परवान्याने होणाऱ्या शिकारीचा. सरकार गणतीच्या आधारे कोटा ठरवते, परदेशी शिकारी मोठी रक्कम मोजतो, आणि मांस गावात वाटले जाते. आपल्याकडे वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हा मार्ग मराठी वाचकाला खटकतो. मलाही सहजासहजी पचत नाही. पण जेथे पर्यटक पोहोचत नाही अशा कोरड्या, दूरच्या कॉन्झर्व्हन्सीपुढे दुसरे काय उत्पन्न आहे, असे तेथील माणसाने विचारले, तर माझ्याजवळ तयार उत्तर नाही.

राखणदाराचे काम आता पगारी झाले आहे आणि त्याच्याजवळ एक नोंदवही असते. पिवळ्या कार्डावर रोजच्या घटना लिहायच्या: आज कोणत्या ओढ्यात हत्तीचा कळप दिसला, कोणाच्या गोठ्यात तरसाने शेळी मारली, कोठे फासा सापडला. त्यावरून महिन्याअखेर निळ्या कार्डावर चौकटी रंगवायच्या आणि वर्षाअखेर लाल कार्डावर वर्षांची तुलना मांडायची. या पद्धतीला इव्हेंट बुक म्हणतात. ज्याला फार लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही चौकटींच्या रंगवलेल्या मनोऱ्यांवरून यंदा शेळ्या जास्त गेल्या की कमी हे पाहता येते, हे तिचे वैशिष्ट्य. माहिती आधी गावाच्या उपयोगाची असते आणि मग राजधानीतील कार्यालयाच्या. साधारणपणे सरकारी माहितीचा प्रवास याच्या उलट होतो, असा आपला अनुभव आहे.

1995 च्या सुमारास संपूर्ण नामिबियात साडेसात हजारांच्या आसपास हत्ती होते. आज ही संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या काळ्या गेंड्यांची जगातील सर्वांत मोठी संख्या याच वायव्य भागात आहे. वाळवंटातील सिंह 1990 च्या दशकात जेमतेम वीसच्या घरात उरले होते, नंतरच्या काळात ते वाढले आणि पुन्हा दुष्काळ व गुरांवरून होणाऱ्या संघर्षांमुळे घटले.

येथेच हिशेबाची दुसरी बाजू सुरू होते. संख्या वाढली म्हणजे उपद्रवही वाढला. तहानलेला हत्ती पवनचक्कीजवळच्या टाकीवर येतो आणि पाणी मिळाले नाही तर नळच उखडून टाकतो. त्यामुळे कुनेनेच्या वस्त्यांत पवनचक्कीभोवती दगडांची जाड भिंत रचून हत्तींसाठी बाहेर वेगळा हौद ठेवलेला दिसतो. सिंहाने गाय मारली तर सरकारच्या योजनेतून काही रक्कम मिळते, पण ती गाईच्या बाजारभावाइतकी नसते, आणि रात्री गुरे कोंडवाड्यात होती याची खातरजमा व्हावी लागते. शिवाय कॉन्झर्व्हन्सीला लाभ होतो तो सर्वांच्या नावे आणि गाय जाते ती एका घराची. काही कॉन्झर्व्हन्सींकडे हत्ती-गेंड्यांमुळे पर्यटक भरपूर, तर काहींकडे सगळे कोरडे, म्हणून उत्पन्नातही मोठी तफावत. समित्यांचा कारभार काही ठिकाणी चोख, काही ठिकाणी शंकास्पद. 2020 मध्ये करोनाच्या साथीने विमाने थांबली, तेव्हा पर्यटनावर चालणाऱ्या कॉन्झर्व्हन्सींचे उत्पन्न एकाएकी आटले, आणि राखणदारांचे पगार चालू राहावेत म्हणून सरकार व देणगीदारांना आपत्कालीन निधी उभा करावा लागला. ऑगस्ट 2024 मध्ये तर तीव्र दुष्काळात सरकारने 723 वन्य प्राणी मारून त्यांचे मांस लोकांत वाटण्याचा निर्णय जाहीर केला, त्यांत 83 हत्ती होते. हा निर्णय जगभर वादग्रस्त ठरला.

जन्मभराच्या कामाचा सन्मान एका-दोघांच्या नावे झाला की आणखी एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रमुखांनी निवडलेले ते पहिले राखणदार, शिध्यावर वर्षानुवर्षे डोंगर तुडवणारे, त्यांची नावे कोणत्याही मानपत्रावर नसतात. शिवाय आफ्रिकेतील संवर्धनाचे श्रेय गोऱ्या व्यक्तींच्याच पदरी का पडत राहते, ही तक्रार आफ्रिकेतून वारंवार येते, आणि तिच्यात तथ्य आहे. नामिबियाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट जमेस धरावी लागते. ओवेन-स्मिथ आणि जेकबसन यांच्या कामाचा सारा भर हक्क आणि निर्णय दुसऱ्यांच्या हाती सोपवण्यावर होता. ओवेन-स्मिथ एप्रिल 2020 मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या जाण्याने एखादी कॉन्झर्व्हन्सी बंद पडण्याचे कारण नव्हते. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, प्रिन्स विल्यम पुरस्कार पुन्हा याच वायव्य नामिबियात आला. या वेळी तो सिम्सन उरी-खोब यांना मिळाला, जे 1982 मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्टमध्ये तीन दशके काम करीत त्या संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्या पथकातील माणसे आजही पहाटे पाणवठ्यावर ताजा माग शोधतात, वाऱ्याची दिशा पाहून गेंड्याच्या जवळ जातात, त्याच्या कानांवरील खुणा आणि शिंगांची ठेवण पाहून तो कोणता हे ओळखतात, नोंद करतात आणि त्याला चाहूल न लागू देता मागे फिरतात.